‘थोडे’ की ‘थोडेच’? : इंग्रजीतील छोट्या शब्दांची ओळख



काही वर्षांपूर्वी एका पदभ्रमण शिबिरात घडलेली गोष्ट सांगतो. मुलांच्या दोन तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी डोंगर चढत होत्या. एका तुकडीचा निरोप लिहिण्याचे काम आपल्याच मराठी मुलाकडे होते. दुपारी खालच्या तळावर त्याचा निरोप आला : ‘लिटल वॉटर लेफ्ट. कंटिन्यूइंग.’ शिबिरप्रमुखांनी तो वाचला आणि तुकडीला ताबडतोब थांबायला सांगितले. पाण्याचे जेरीकॅन भरून गाडी वर पाठवली. गाडी पोहोचेपर्यंत तीन तास गेले आणि त्या दिवशीची चढाई अर्धवट राहिली.

संध्याकाळी तो मुलगा माझ्यापाशी आला. चेहरा पडलेला. म्हणाला, “सर, आमच्याकडे थोडं पाणी होतं. मुक्कामापर्यंत पुरलं असतं. मी तेच लिहिलं. लिटल म्हणजे थोडं ना, सर?”

नाही. ‘अ लिटल’ म्हणजे थोडे. नुसते ‘लिटल’ म्हणजे थोडेच, जवळजवळ नाहीच. एका अक्षराचा ‘अ’ राहिला आणि सगळ्या तुकडीचा दिवस गेला. शिबिरप्रमुखांची काहीच चूक नव्हती. जे लिहिले होते, ते त्यांनी बरोबर वाचले होते.

अशा छोट्या शब्दांना इंग्रजी व्याकरणात ‘डिटरमिनर’ म्हणतात. मराठीत त्यांना निर्धारक शब्द म्हणता येईल. ते नामाच्या आधी येतात आणि ऐकणाऱ्याला दोन गोष्टी सांगतात : कोणता, आणि किती. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही तीन उपपदे, ‘धिस’, ‘दॅट’, ‘माय’, ‘युअर’, ‘सम’, ‘एनी’, ‘मच’, ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘लिटल’, ‘ईच’, ‘एव्हरी’ हे सगळे याच कुटुंबातले.

आपल्या मुलांना हे शब्द अवघड वाटतात, कारण मराठीत उपपदे नाहीत. मग मुले एक तर ती गाळतात, नाहीतर घाबरून दिसेल तिथे ‘द’ लावतात. ‘द पुणे’, ‘द शिवाजी महाराज’ असेही मी वह्यांत वाचले आहे. पण उपपदे नाहीत म्हणून मराठीला ‘कोणता’ आणि ‘किती’ सांगता येत नाही, असे थोडेच आहे? आपली भाषा तेच काम ‘-ला’, ‘-च’, ‘-ही’ आणि ‘असतो’ अशा साधनांनी करते. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी ते मनात मराठीत नीट म्हणून पाहिले, तर निम्मी उत्तरे आपल्याच भाषेत सापडतात.

‘अ’ की ‘ॲन’ : देवनागरीला विचारा

नियम सगळ्यांना पाठ असतो : स्वराआधी ‘ॲन’, व्यंजनाआधी ‘अ’. चूक होते ती रोमन अक्षराकडे पाहिल्यामुळे. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. आणि उच्चार दाखवण्यात आपल्या देवनागरीसारखी मदत दुसरी नाही. शब्द देवनागरीत लिहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’.

‘अवर’ म्हणजे तास. सुरुवात ‘अ’ ने, म्हणून ‘ॲन अवर’. ‘ऑनेस्ट’ची सुरुवात ‘ऑ’ ने, म्हणून ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. याउलट ‘युनिट’, ‘युनिफॉर्म’, ‘युनिव्हर्सिटी’ यांची सुरुवात ‘य’ ने होते, म्हणून ‘अ युनिट’, ‘अ युनिफॉर्म’. ‘वन-डे मॅच’ची ‘व’ ने, म्हणून ‘अ वन-डे मॅच’.

लष्करी भाषेत आद्याक्षरे फार, आणि तिथे ही युक्ती हमखास कामी येते. ‘ॲन एन.सी.सी. कॅडेट’, ‘ॲन एन.सी.ओ.’, ‘ॲन एल.एम.जी.’, ‘ॲन एस.एस.बी. इंटरव्ह्यू’, ‘ॲन एक्स-रे’. पण ‘अ जे.सी.ओ.’ आणि ‘अ यू.एन. मिशन’.

एकच ठिकाण सांभाळा. वर्ष या अर्थाचा शब्द आपण मराठीत ‘इयर’ लिहितो आणि फसतो. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘यिअर’ असा ‘य’ ने सुरू होतो, म्हणून ‘अ यिअर’. ‘ॲन इअर’ म्हटले तर त्याचा अर्थ एक कान!

इथेच एक नेहमीची चूक सांगून टाकतो. ‘माझे वडील सुभेदार आहेत’ याचे इंग्रजी ‘माय फादर इज सुभेदार’ असे होत नाही. व्यवसाय किंवा हुद्दा सांगताना ‘अ’ लागतो : ‘माय फादर इज अ सुभेदार’, ‘माय मदर इज अ टीचर’. मात्र एका वेळी एकालाच मिळणारे पद असेल, तर उपपद गाळता येते : ‘ही वॉज अपॉइंटेड कॅप्टन ऑफ द टीम.’

‘अ’ की ‘द’ : डॉक्टर आणि डॉक्टरांना

मैदानावर कोणी पडला. तुम्ही ओरडता, “डॉक्टर बोलवा!” कोणताही डॉक्टर चालेल. इंग्रजीत ‘कॉल अ डॉक्टर!’ आता दुसरा प्रसंग. एम.आय. रूममध्ये आपले नेहमीचे डॉक्टर बसले आहेत आणि सगळ्यांना ते माहीत आहेत. आता तुम्ही म्हणता, “डॉक्टरांना बोलवा!” इंग्रजीत ‘कॉल द डॉक्टर!’

पाहा, ‘-ना’ या एका प्रत्ययाने तुम्ही ‘अ’ चा ‘द’ केला. तुम्हाला कोणी शिकवले नव्हते, तरी तुम्ही कधी चुकत नाही. ‘नोकर शोधतोय’ म्हणजे कोणीतरी नोकर हवा आहे. ‘नोकराला शोधतोय’ म्हणजे आपला नोकर कुठे गेला ते पाहतो आहे. पहिला ‘अ सर्व्हंट’, दुसरा ‘द सर्व्हंट’. तुमच्या वर्गातल्या बंगाली मित्राला विचारा. त्याच्या भाषेत ‘बोई’ म्हणजे पुस्तक आणि ‘बोइटा’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक. प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी, काम एकच.

ही ‘-ला, -ना’ची कसोटी माणसांना आणि प्राण्यांना चालते. निर्जीव वस्तूंसाठी दुसरी कसोटी घ्या. वाक्य बोला आणि विचार करा, समोरचा ‘कोणता?’ असे विचारेल का? ‘दार लाव’ म्हटल्यावर खोलीतला मुलगा ‘कोणते दार?’ असे विचारत नाही. त्याला माहीत आहे. म्हणून ‘शट द डोअर’. ‘पेन दे’ म्हटल्यावर तो विचारू शकतो, ‘कोणते?’ आणि तुम्ही म्हणाल, ‘कोणतेही.’ म्हणून ‘गिव्ह मी अ पेन’. सूर्य, चंद्र, पृथ्वी एकेकच. तिथे प्रश्नच उठत नाही, म्हणून ‘द सन’, ‘द मून’. ‘पहिला’ आणि ‘सर्वांत उंच’ हेही एकच असणार, म्हणून ‘द फर्स्ट’, ‘द टॉलेस्ट’.

नकाशा वाचताना एवढे लक्षात ठेवा : नद्या, पर्वतरांगा, समुद्र आणि द्वीपसमूह यांना ‘द’ लागतो. ‘द गोदावरी’, ‘द हिमालयाज’, ‘द अरेबियन सी’, ‘द अंदमान्स’. एकेकटे शिखर, शहर आणि बहुतेक देश यांना काही लागत नाही : ‘कळसूबाई’, ‘कांचनजंगा’, ‘पुणे’, ‘इंडिया’. म्हणून ‘द सियाचिन ग्लेशियर’, पण नुसते ‘सियाचिन’.

काहीच न लावणे : ‘आहेत’ आणि ‘असतात’

‘कुत्री इमानी असतात’ आणि ‘कुत्री इमानी आहेत’ या दोन वाक्यांत फरक आहे ना? पहिले वाक्य जगातल्या सगळ्या कुत्र्यांबद्दल आहे, दुसरे समोरच्या कुत्र्यांबद्दल. इंग्रजीत पहिले ‘डॉग्स आर फेथफुल’, दुसरे ‘द डॉग्स आर फेथफुल’. तसेच ‘मध गोड असतो’ म्हणजे ‘हनी इज स्वीट’, आणि ‘मध गोड आहे’ म्हणजे ‘द हनी इज स्वीट’. अनेकवचन किंवा न मोजता येणारे नाम असेल आणि मराठीत तुमच्या तोंडी ‘असतो, असते, असतात’ आले, तर इंग्रजीत ‘द’ लावू नका.

रजेच्या अर्जात एक जागा नाजूक आहे. वडील आजारी असून रुग्णालयात दाखल आहेत, हे सांगताना ‘माय फादर इज इन हॉस्पिटल’ असे लिहावे. ‘इन द हॉस्पिटल’ लिहिले तर ते त्या इमारतीत आहेत एवढेच कळते. कदाचित कोणाला भेटायला गेले असतील. शाळा, तुरुंग, अंथरूण यांनाही हाच न्याय लागू आहे. ज्या कामासाठी ती जागा आहे त्या कामासाठी तिथे गेले, तर ‘द’ नाही. हा ब्रिटिश इंग्रजीचा नियम आहे आणि आपल्याकडे तोच शिकवतात. अमेरिकेत आजाऱ्याबद्दलही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात, तेव्हा तिकडचे पुस्तक वाचताना गोंधळू नका.

‘द’ नसला तर केवढे रामायण होऊ शकते, याचे उदाहरण लष्करी इतिहासात आहे. जून १९६७ मध्ये इस्राएल आणि त्याचे अरब शेजारी यांच्यात सहा दिवसांचे युद्ध झाले. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ एकमताने मंजूर केला. त्यात इस्राएलच्या फौजांनी युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असे कलम होते. इंग्रजी शब्द होते ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड’. ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नव्हता. एक बाजू म्हणाली, ‘द’ नाही, म्हणजे सगळ्या प्रदेशांतून असे ठरावात म्हटलेलेच नाही. दुसरी बाजू म्हणाली, युद्धाने प्रदेश मिळवणे मान्य नाही असे याच ठरावात लिहिले आहे, आणि फ्रेंच मसुद्यात तर ‘त्या प्रदेशांतून’ असाच अर्थ निघतो. हा वाद पुढे अनेक दशके चालला. कोण बरोबर, हा या पानाचा विषय नाही. पण तीन रोमन अक्षरांच्या एका शब्दावर मुत्सद्दी, वकील आणि सेनानी इतकी वर्षे भांडू शकतात, एवढे लक्षात ठेवा.

‘लिटल’ आणि ‘फ्यू’ : ‘-च’ ची करामत

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मोजता न येणाऱ्या वस्तूसाठी ‘लिटल’, मोजता येणाऱ्यासाठी ‘फ्यू’. दोघांची तीन-तीन रूपे आहेत आणि तिन्हींना मराठीत नेमका शब्द आहे.

‘अ लिटल वॉटर’ : थोडे पाणी. आहे, काम भागेल.
‘लिटल वॉटर’ : थोडेच पाणी. नसल्यासारखेच.
‘द लिटल वॉटर’ : होते नव्हते ते पाणी.

तसेच ‘अ फ्यू राउंड्स’ म्हणजे काही गोळ्या आहेत, ‘फ्यू राउंड्स’ म्हणजे मोजक्याच उरल्या, आणि ‘द फ्यू राउंड्स वी हॅड’ म्हणजे आमच्याकडे होत्या नव्हत्या त्या गोळ्या. मराठीत ‘-च’ लावावासा वाटला, की इंग्रजीतला ‘अ’ काढा. पहिल्या वाक्यात दिलासा आहे, दुसऱ्यात मदतीची हाक आहे. ऐकणारा त्यावरूनच निर्णय घेतो.

एक सापळा मात्र आहे. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हे, बरेच! ‘क्वाइट अ फ्यू कॅडेट्स’ म्हणजे पुष्कळ कॅडेट.

‘मच’ आणि ‘मेनी’ : काय मोजायचे?

मोजता येते तिथे ‘मेनी’, येत नाही तिथे ‘मच’. पण काय मोजता येते, हे भाषा ठरवते. पुष्कळदा मराठीचे आणि इंग्रजीचे जुळते. आपण ‘सामाने’ म्हणत नाही, तसे इंग्रजीत ‘लगेजेस’ नाही. ‘दारूगोळा’ एकवचनीच, तसा ‘ॲम्युनिशन’ही. म्हणून ‘मच ॲम्युनिशन’, पण ‘मेनी राउंड्स’. ‘माहिती’ तशीच ‘इन्फर्मेशन’. ‘इक्विपमेंट्स’ आणि ‘फर्निचर्स’ हे शब्द सूचनाफलकांवर दिसतात, पण ते चुकीचे आहेत.

जिथे जुळत नाही तिथे सावध राहा. मराठीत बातम्या अनेक, सल्ले अनेक आणि केस तर असंख्य. इंग्रजीत ‘न्यूज’, ‘ॲडव्हाइस’ आणि ‘हेअर’ मोजत नाहीत. ‘अ न्यूज’ नाही, ‘अ पीस ऑफ न्यूज’. आणि दर आठवड्याला न्हाव्यापुढे बसणाऱ्या मुलांनी तरी ‘आय गॉट माय हेअर्स कट’ म्हणू नये. ‘माय हेअर’ पुरे. ‘अ हेअर’ म्हणजे एकच केस, तो जेवणात सापडला तर!

‘सम’, ‘एनी’ आणि ‘प्रत्येक’

‘काही’ म्हणजे ‘सम’. त्याला ‘-ही’ जोडला की ‘एनी’. ‘कोणताही कॅडेट हे करू शकेल’ : ‘एनी कॅडेट कॅन डू इट’. ‘एकही गोळी उरली नाही’ : ‘देअर आर नॉट एनी राउंड्स लेफ्ट’. प्रश्नातही बहुधा ‘एनी’ येतो. पण पाहुण्याला चहा विचारताना ‘वुड यू लाइक सम टी?’ असे म्हणतात, कारण त्याने ‘हो’ म्हणावे अशी आपली इच्छा असते.

‘ईच’ म्हणजे एकेक जण सुटा पाहणे, ‘एव्हरी’ म्हणजे सगळे मिळून पाहणे. दोघांपुरते बोलायचे तर ‘ईच’च. दोन्हींनंतर नाम आणि क्रियापद एकवचनी : ‘एव्हरी कॅडेट हॅज अ मॅप’. ‘ईच ऑफ द कॅडेट्स’ चालते, ‘एव्हरी ऑफ द कॅडेट्स’ चालत नाही. ‘आयदर’ आणि ‘नायदर’ फक्त दोघांसाठी : दोघांपैकी कोणीही, आणि दोघांपैकी कोणीही नाही.

एका नामाला एकच पहारेकरी

मराठीत ‘हे माझे पुस्तक’ आणि ‘माझा एक मित्र’ असे दोन निर्धारक शेजारी बसतात. इंग्रजीत ‘धिस’, ‘माय’, ‘द’, ‘अ’ यांपैकी एका नामापुढे एकच उभा राहतो. म्हणून ‘धिस माय बुक’ नाही, तर ‘धिस बुक ऑफ माइन’. ‘माय वन फ्रेंड’ हे तर मुलाखतीत हमखास ऐकू येते. त्यावरून मुलाला आयुष्यात एकच मित्र आहे की काय, असे समोरच्याला वाटेल! म्हणावे ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ किंवा ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. शेवटच्या ‘फ्रेंड्स’मधला ‘स’ गाळू नका.

शेवटी

हे सगळे परीक्षेसाठी तर हवेच. एन.डी.ए.च्या लेखी परीक्षेत ९०० पैकी २०० गुण इंग्रजीचे असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा होतात. वाक्यातली चूक शोधा अशा प्रश्नांत हेच छोटे शब्द दबा धरून बसलेले असतात.

चुका मोठ्या माणसांच्याही होतात. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले. ते अमेरिकन नौदलाचे वैमानिक होते आणि कोरियाच्या युद्धात लढले होते. माणसाचे लहानसे पाऊल ही मानवजातीची मोठी झेप आहे, अशा अर्थाचे वाक्य ते बोलले. जगाला त्यात ‘मॅन’च्या आधी ‘अ’ ऐकूच आला नाही. ‘अ मॅन’ म्हणजे एक माणूस. नुसते ‘मॅन’ म्हणजे सगळी मानवजात. ‘अ’ शिवाय वाक्याच्या दोन्ही भागांत मानवजातच येते आणि तुलनेतला जीव जातो. ‘अ मॅन’ असेच म्हणायचे होते, असे आर्मस्ट्राँग नंतर सांगत राहिले.

त्यांचे वाक्य जगाने समजून घेतले. तुमच्या निरोपाला मात्र तशी सवलत मिळेलच असे नाही. त्या शिबिरात पाणी असताना गाडी आली, एवढ्यावर भागले. उलटे झाले असते तर? पाणी खरोखर संपत आले असते आणि निरोपात ‘अ लिटल’ गेले असते, तर गाडी निघालीच नसती. उद्या तुमच्या हाताखाली माणसे असतील, आणि वायरलेसच्या पलीकडे बसलेल्याला तुमचा चेहरा दिसणार नाही. फक्त शब्द पोहोचतील. तो मुलगा आज सैन्यात अधिकारी आहे. मागे भेटला तेव्हा सांगत होता, “सर, माझ्या हाताखालच्यांचा निरोप आला की मी आधी ‘अ’ आहे का ते पाहतो. नसला तर परत विचारून खात्री करून घेतो.”

सराव : पुढील वाक्ये इंग्रजीत म्हणून पाहा.
१. माझे काका हवालदार आहेत.
२. माझा एक मित्र केरळचा आहे.
३. घोडे उभ्यानेही झोपू शकतात.
४. बाटलीत थोडेच पाणी उरले आहे.
५. तासाभरात डॉक्टरांना बोलवा.

उत्तरे : १. ‘माय अंकल इज अ हवालदार.’ २. ‘अ फ्रेंड ऑफ माइन इज फ्रॉम केरला.’ ३. ‘हॉर्सेस कॅन स्लीप स्टँडिंग अप.’ ४. ‘देअर इज लिटल वॉटर लेफ्ट इन द बॉटल.’ ५. ‘कॉल द डॉक्टर विदिन ॲन अवर.’